माझे धाकटे दीर आणि शालनचं कोपर

माझ्या धाकट्या दिरांना अख्ख्या सोलापुरात धडधाकट माणूस म्हणून कधी आवडला नाही. समोरून कुणी ताठ चालत आला तर ते त्याला ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत. तोच माणूस आठवड्याने पाय मुरगळून लंगडत आला, की लांबूनच हाक मारायचे, जवळ बसवून घ्यायचे, त्याच्या घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची चौकशी करायचे. त्यांना माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, सांधे राहत. पलीकडच्या चाळीतला तो डावा खांदा, तेलाच्या घाण्यावरचा तो घोटा, शाळेतला तो गुडघ्याचा मास्तर, अशी त्यांच्याकडे माणसांची नावं होती. मिलमध्ये नवा मुकादम आला तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना विचारलं, की माणूस कसा आहे. भावजी जरा विचार करून म्हणाले, "मानूस बरा हाय, पर कंबर न्हाय चांगली."

तरुणपणी ते कुस्ती खेळायचे. फार जिंकले असं नाही. पडायचे बरेच, आणि पडणाऱ्याला दुखण्याची माहिती जिंकणाऱ्यापेक्षा जास्त असते. पुढे कुस्ती सुटली, पण तालीम सुटली नाही. दिवसा मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या, भोंगा झाला की तालमीत जाऊन पोरांची अंगं रगडायची, जेवायला आमच्याकडे यायचं आणि झोपायला पुन्हा तालमीत. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी दिले तर रागवायचे. अंगाने हे एवढे रुंद, दारातून आत यायचे तेव्हा घरात अंधार व्हायचा. आणि त्यांच्याबरोबर त्यांची ती तेलाची बाटली यायची. त्या तेलात करडईचं तेल, लसूण, ओवा, कापूर आणि आणखी काहीतरी असायचं, जे ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हते. मी सांगते. ते आणखी काहीतरी म्हणजे माझ्या डब्यातली मोहरी. डबा रिकामा झाला की मला कळायचं, की यंदा कबड्डीच्या सामन्यांना जोर आहे.

त्या तेलाने आमच्या आयुष्याला डाग पाडले. चाळीतल्या ज्या ज्या घरी ते भिंतीला टेकून बसले, त्या घराच्या भिंतीवर पाठीएवढा गोल डाग राहिला. चुना मारला तरी तो आठवड्याने वर यायचा. नवी पेठेतला कापडवाला त्यांना दुकानाच्या पायरीवर उभं करायचा आणि लांबूनच कापड उलगडून दाखवायचा, हात लावू द्यायचा नाही. भावजींना त्याचं वाईट वाटत नसे. ते कापडाकडे बघतच नव्हते. "ह्यो मानूस डाव्या कुशीवर झोपतोय, म्हनून मान धरलीय त्येची," असं मला हळूच सांगायचे, आणि मी त्यांना ओढून खाली आणायची. नाहीतर त्या कापडवाल्याची मान भर बाजारात सुटली असती.

त्यांचं लग्न झालं नाही, त्याला हेच कारण. माळशिरसकडे आमच्या सासूबाईंनी एक मुलगी बघून ठेवली होती. शेतीवाडी असलेलं घर, मुलगी कामाची. आम्ही सगळे गेलो. मुलीचा बाप पाणी द्यायला बाहेर आला तो जरासा टाच उचलून चालत होता. झालं. भावजींनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला, त्याला खाटेवर बसवलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. मुलगी आली, पोहे ठेवून गेली, पुन्हा आली, सुपारी ठेवून गेली. हे टाचेत गुंतलेले. बाप आधी लाजला, मग "हितं, हितं, आनि जरा खाली" असं सांगायला लागला. परत येताना एस.टी.त सासूबाईंनी विचारलं, की पोरगी कशी वाटली रं. तर म्हणाले, "बापाची टाच बरी हुईल, आये." मुलीकडून निरोप आला, की नवरामुलाने तोंड वर केलं नाही, तेव्हा मुलीची इच्छा नाही. बापाचा वेगळा निरोप होता. त्याने पुन्हा कधी येताय असं विचारलं होतं.

कबड्डीचे सामने असले की ते मैदानाच्या कडेला रेषेवर पुढे बसायचे. मांडीवर टॉवेल, शेजारी बाटली. कोण जिंकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लोक "धर, धर" म्हणून ओरडत असताना हे एकटेच "घोटा बघ, घोटा" म्हणून कळवळायचे. कुणी पडला की पंचाच्या आधी हे मैदानात. आणि एखाद्या दिवशी कुणीच पडलं नाही तर घरी येऊन भाकरी कुस्करत गप्प बसायचे. मी विचारायची, की आज काय झालं. "काय न्हाय वैनी. सगळी नीट घरी गेली," म्हणायचे, अशा आवाजात, की जणू कुणी वारलंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना ते फोटोवाले म्हणायचे. हाडाचा फोटो काढून तो उजेडात धरून बघतात म्हणून. माणूस समोर बसलेला असताना त्याचा फोटो कशाला बघायचा, हा त्यांचा सवाल होता. लोक मला विचारायचे, की तुमच्या दिरांना खरंच येतं का हो. मी खरं सांगायची. पाय मुरगळला, मान अवघडली, पाठीत चमक भरली, तर येत होतं. त्यापुढचं मला ठाऊक नाही. बरा झाला तो त्यांच्या हाताने, नाही झाला त्याने पथ्य पाळलं नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे माझ्या स्वतःच्या घरात कुणी पडलं, की मी ते आधी त्यांच्यापासून लपवायची.

पण लपवून लपणार नाही असं एक पडणं आमच्या घरात झालं.

माझी थोरली शालन तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत सातवीत होती आणि खो-खो खेळायची. पळायची अशी, की फ्रॉक मागे राहील की काय असं वाटावं. शाळेशाळांच्या सामन्याचा सराव चालू होता. समोरच्या पोरीला गाठायला म्हणून तिने खांबाकडे झेप घेतली, ती चुकली आणि सगळा भार उजव्या हातावर घेऊन जमिनीवर आपटली. तिच्या बाई तिला टांग्यात घालून घरी घेऊन आल्या. मी विड्या वळत होते. सूप बाजूला ठेवून उठले, तिचा हात बघितला. कोपर कोपरासारखं दिसत नव्हतं. पोरगी रडत नव्हती, ओठ पांढरे झाले होते. खरं सांगते, मला आधी तिचा विचार आला नाही, भावजींचा आला. भोंगा व्हायला फार वेळ नव्हता. टांगा उभाच होता. मी शालनला परत त्यात बसवलं, शेजारच्या तेलुगू काकूंना सांगितलं, की कुणी विचारलं तर दोघी बाजारात गेल्यात म्हणून सांगा, आणि तशीच मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथे हाडांचे डॉक्टर होते, वयाने बेताचे, चेहऱ्याने रागीट. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला. मग मला जवळ बोलावून नीट समजावलं. कोपराच्या जरा वर हाड मोडलं आहे. भूल देऊन बसवायचं, प्लॅस्टर घालायचं, महिनाभर तरी ठेवायचं. नंतर हात किती वाकेल ते आज सांगता येत नाही, बहुतेक चांगला वाकेल. पण तेल लावायचं नाही, चोळायचं नाही, कुणाकडून ओढून घ्यायचं नाही. पोरांचं कोपर चोळलं की आत नको तिथे हाड धरतं आणि सांधा बसतो तो बसतोच. "मग माझ्याकडे आणू नका," ते म्हणाले, "मग मीच काय, कुणीच काही करू शकणार नाही."

मी चौथी शिकले. पुढे विड्या वळल्या आणि अजून वळत होते. पोरीने विड्या वळू नयेत म्हणून तिला शाळेत घातलेलं, आणि ती शिकतही होती चांगली. उजवा हात असाच आखडून राहिला तर लिहायचं कशाने, आणि घरात बसून विड्या तरी कशाने वळायच्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एवढाच विचार केला. रडण्यात वेळ घालवला नाही.

शेजारच्या काकूंना खोटं बोलता येत नव्हतं. मराठी तोडकं असल्यामुळे तर अजिबात नाही. शालनला वॉर्डात आणून निजवलं, प्लॅस्टर अजून ओलं होतं, तेवढ्यात दारात अंधार झाला. भावजी. मिलचे कपडे तसेच, अंगावर कापसाचा कचरा, आणि हातात बाटली. मी उठून मध्ये उभी राहिले. म्हटलं, "भावजी, बाटली बाहेर ठेवा, मगच आत या. आनि हात लावायचा न्हाय."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून त्यांनी शालनकडे बघितलं, प्लॅस्टर कुठून कुठपर्यंत आहे ते बघितलं. "कोपर हाय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं हाच माणूस आता खाली पडतोय. बाटली त्यांनी खरंच बाहेर नेली. परत आले, बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले, लहान पोरं खोडी काढल्यावर बसतात तसे. आणि म्हणाले, "वैनी, त्या हाताला कुनालाबी हात लावू द्यायचा न्हाय. मलाबी न्हाय."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्यातलं कुणी राहिलं नाही म्हणून सांगते. आमच्याच भागातला एक कबड्डीचा पोरगा होता. त्याच्या कोपराला असंच लागलं होतं आणि भावजींनी ते महिनाभर रोज चोळलं होतं, जीव ओतून. पोरगा ओरडायचा, हे म्हणायचे सुटतंय म्हणून दुखतंय. तो हात आखडला तो आखडलाच. पोरगा आता बाप्या झाला होता आणि एका हॉटेलात डाव्या हाताने चहा गाळायचा. भावजी रोज वाट वाकडी करून तिथे चहा प्यायला जायचे. त्याने त्यांना कधी काही म्हटलं नव्हतं. उलट साखर जास्त घालायचा. "त्येनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," भावजी म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं.

शालनला घरी आणलं आणि त्या दिवसापासून भावजींनी मिलच्या वेळेव्यतिरिक्त आमचं दार सोडलं नाही. चाळीत आजारी माणसाला बघायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. कुणी केळी आणतं, कुणी बिस्किटं. आमच्याकडे मात्र बहुतेक जण तेलच घेऊन आले, कारण घर भावजींचं, तेव्हा तेलाला मान असणार असं सगळ्यांना वाटलं. एरंडेल आलं, खोबरेल आलं, कुणी सांडा म्हणतात त्या सरड्याच्या तेलाची बाटली आणली, कुणी कसलासा पाला वाटून वाटीत झाकून आणला आणि प्लॅस्टरच्या फटीतून तरी घाला म्हणून आर्जव केलं. भावजी दारात पाय पसरून बसलेले. प्रत्येकाचं तेल हातात घ्यायचे, हुंगायचे, चांगलं आहे म्हणायचे आणि पायरीवर ओळीने ठेवायचे. आत जायचं तर पोरीच्या पायाकडे बसायचं, हाताकडे नाही, अशी अट. तेलुगू काकूंनी नुसतं प्लॅस्टरवरून बोट फिरवलं तर यांनी असा आवाज काढला, की काकूंनी केळी तिथेच टाकली. ज्या माणसाने सबंध चाळीची अंगं रगडली, तो आता कुणाला एक बोट लावू देत नाही, याची लोकांना गंमत वाटायची. कुणी म्हणालं, की पैलवान, फोटोवाल्यांनी फितवलं वाटतं तुम्हाला. भावजी म्हणाले, "व्हय, फितवलं. तुजं गुडघं दाखव." आणि त्याला तिथेच पायरीवर खाली घेतला. हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बोटं निळी पडत नाहीत ना, ती हलतात ना, एवढं बघत जा. भावजींनी ते असं मनावर घेतलं, की पोरीला जेवू देईनात. दर थोड्या वेळाने "बोटं हलीव, शालू" आणि शालन बोटं हलवायची. शेवटी ती वैतागून झोपेतसुद्धा बोटं हलवायला लागली.

आणि मग गावाहून सासूबाई आल्या. त्या थोरल्या दिरांकडे माळशिरसला असायच्या. नातीचा हात मोडल्याचं कळलं तशा निघाल्या. आल्या आल्या त्यांनी प्लॅस्टरवर टिचकी मारली आणि निकाल दिला, की चुन्यात पुरल्यावर हात वाळून काटकी होणार. बांबूच्या कामट्या, पाला आणि चोळणं, याशिवाय हाड धरत नाही. त्यांचं वय होतं, आणि आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नव्हतं. आमचे हे तर आईसमोर मान खाली घालून बसायचे. मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "तू चौथी शिकलीस म्हून मला शिकवू नगंस." त्यानंतर मी रोज घरातच राहिले.

एक दिवस मला तयार विड्या कारखान्यावर पोचवायला जावंच लागलं. भावजींची पहिली पाळी, ते दुपारी यायचे होते. सासूबाई ह्याच दिवसाची वाट बघत होत्या. कुंभारी गावाच्या पलीकडे एका वस्तीवर हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्याला त्यांनी आधीच सांगावा धाडला होता. पुढचं मी शालनच्या तोंडून ऐकलं. म्हातारा आला, कामट्या सोडल्या, पाला वाटायला दिला. सासूबाईंनी विळी आणली आणि प्लॅस्टर कुठून चिरायचं ते दोघं ठरवायला बसले. शालन भिंतीला चिकटून बसली होती. तेवढ्यात भावजी दारात आले.

आता हा माणूस आईला कधी उलट बोललेला नाही. दांडगा असून आईपुढे मांजर. त्यांनी विळीकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. आणि म्हाताऱ्याच्या पाया पडले. म्हणाले, की तुमचं नाव ऐकून होतो, आज पाय लागले. पोरीचा हात काय, तिथंच आहे. माझी पाठ मात्र वर्षानुवर्षं धरलेली आहे, आधी ती बघा. म्हातारा खूश झाला. पैलवानाने पाठ दाखवावी हा त्याला मान वाटला. भावजी उंबऱ्यातच आडवे पडले, म्हणजे आता आत जायची वाटही राहिली नाही आणि बाहेर जायचीही. त्यांच्या पाठीला काही झालेलं नव्हतं. आणि त्यांनी स्वतः जन्मात कुणाकडून अंग दाबून घेतलं नव्हतं. मालीश करणारा दुसऱ्याच्या हाताखाली जात नाही, त्यात त्यांच्यात कमीपणा मानायचे. म्हाताऱ्याने आधी हाताने, मग कोपराने, मग भिंतीला धरून दोन्ही पायांनी त्यांची पाठ तुडवली. जरा थांबला की भावजी म्हणायचे, "अजून हाय की वो, खाली हाय." सासूबाई विळी मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या. मी कारखान्यावरून आले तेव्हा सगळी चाळ आमच्या दारात जमली होती, म्हातारा घामाने निथळत होता, आणि उंबऱ्यात माझे दीर दात आवळून पडले होते. मला बघून म्हणाले, "आल्या का वैनी. आता बास झालं, बाबा."

मी आत गेले ते त्यांना ओलांडूनच. दिराला ओलांडू नये म्हणतात, पण त्या दिवशी दुसरी वाट नव्हती. सासूबाईंच्या मांडीवरची विळी उचलली आणि चुलीमागे ठेवली. त्यांनी ती परत मागितली नाही. आपला धाकटा उठताना भिंतीला धरतोय, हे त्यांना दिसत होतं. म्हाताऱ्याला जेवू घालून, पायरीवरची सगळी तेलं पिशवीत भरून देऊन पाठवला. तो आनंदात गेला.

भावजी मात्र दुसऱ्या दिवशी सरळ उभे राहू शकले नाहीत. कमरेत वाकून, जमिनीकडे बघत चालायचे, भेटणाऱ्याच्या पायांवरून त्याला ओळखायचे. शालनला दाखवायला नेलं तेव्हा मी त्यांनाही डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी विचारलं, की हे कुणी केलं. मी सगळं सांगितलं, विळीसकट. त्या रागीट माणसाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, खुर्ची मागे सरकवून हसले. मग भावजींच्या पाठीचा फोटो काढला, उजेडात धरला आणि त्यांना एक एक मणका दाखवला. हाड मोडलेलं नव्हतं. भावजी वाकल्या वाकल्या मान वर करून बराच वेळ बघत राहिले. तो फोटो त्यांनी मागून घेतला. पुढे कितीतरी वर्षं तो तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला होता आणि नव्या पोरांना ते सांगायचे, की हा मी.

प्लॅस्टर निघालं तेव्हा मात्र माझा धीर सुटला. हात बारीक झालेला, कातडी पांढरी, आणि कोपर जिथं होतं तिथंच. वाकेना आणि सरळही होईना. सासूबाई तोवर गावी गेल्या होत्या, नाहीतर बोलल्या असत्या. डॉक्टर म्हणाले असंच असतं, आता तिने स्वतः हलवायचं, दुसऱ्या कुणी नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी शिकवलं, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रिकामा तांब्या उचलायचा, हात तोंडापर्यंत आणायचा. भावजी रोज बरोबर यायचे आणि शालनसमोर बसून स्वतःही तेच करायचे. तो एवढा मोठा दंड भिंतीवर बोटं चालवतोय हे बघून दवाखान्यातले लोक थांबायचे. बाई म्हणाल्या, की आजवर इथे आलेल्या प्रत्येकाने मला तेल लावू का म्हणून विचारलं, हेच एक न विचारणारे. भावजींनी खाली बघितलं.

दिवस जात होते आणि हात थोडा वाकायचा आणि थांबायचा. पोरगी रडत रडत करायची. हे समोर बसून तिच्याबरोबर दात आवळायचे, हात पुढे यायचे, मध्येच थांबायचे आणि मांडीखाली जायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. एकदा मी विचारलं, की भावजी, खरं सांगा, वाकेल का हा हात. ते म्हणाले, "मला न्हाय म्हाईत, वैनी." त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

मग हळूहळू, रोज बघणाऱ्याला कळू नये असा, तो सुटत गेला. एक दिवस मी तिची वेणी घालत असताना शालनचा उजवा हात मानेपर्यंत गेला आणि तिला स्वतःलाच कळलं नाही. मला कळलं. मी कंगवा उचलायच्या निमित्ताने खाली वाकले.

त्यानंतर काही दिवसांनी भावजी संध्याकाळी अंगणात आमच्या दाराकडे पाठ करून उकिडवे बसले होते, कुणाचा तरी अंगठा बघत. शालन शाळेतून आली. दप्तर टाकलं, मागून पळत गेली, उजवा हात लांब करून त्यांच्या पाठीत सणसणीत थाप दिली आणि म्हणाली, "खो." भावजी उठले आणि पळत सुटले. कुणाला पकडायचं ते त्यांना माहीत नव्हतं, समोर कुणी पळतही नव्हतं. ते आपले नळापर्यंत पळाले, नळाला वळसा घातला, बायका कळशा घेऊन बाजूला झाल्या, आणि परत आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले, पळायची सवय राहिली नाही म्हणून. मला हसू येत होतं, आणि किती महिन्यांनी येत होतं.

शालनचा हात आजही पुरता सरळ होत नाही, बोटभर कमी पडतो. पण ती शिकली, शाळेत शिक्षिका झाली, त्याच हाताने फळ्यावर लिहून निवृत्तही झाली. भावजींनी मालीश सोडली नाही, फक्त कोपर म्हटलं की पोराला स्वतः खांद्यावर घालून दवाखान्यात नेऊन सोडायचे आणि प्लॅस्टर ओलं असेपर्यंत तिथेच बसायचे. शेवटी शेवटी ते आमच्याकडेच होते. अंग गेलं, आवाज गेला, रुंदी गेली, दारातून यायचे तरी उजेड तसाच राहायचा. शालन सुट्टीला आली की त्यांच्या पायाशी बसायची आणि पाय दाबायची. एकदा मी कडेला बसून शेंगा फोडत होते. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. तर तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "जोर हाय की गं शालू तुज्या हातात."

ती म्हणाली, "हाय की, काका."

मग त्यांना खरंच झोप लागली.